किटलीची टोळी

"किटलीचे मिस्टर बोलताय का?" फोनवरच्या बाईनं विचारलं आणि आर्वोनं "राँग नंबर" म्हणून फोन ठेवून दिला. ठेवला खरा, पण हात काही त्यावरून उचलेना. दुसऱ्या हातात डाव होता. वाटाण्याचं सूप डावातून फरशीवर टपकत होतं, ते त्याला दिसत होतं, तरी तो हलला नाही. राँग नंबर नव्हता. किटली म्हणजे ग्लेंडा, त्याची बायको. ऑक्टोबरात गेली. पण या घरात, किंवा सबंध थंडर बेमध्ये, तिला किटली म्हणणारं कोणी नव्हतं. शाळेच्या बसगाड्यांच्या ऑफिसात ती मिसेस लेहतिनेन होती. बहिणीची ग्लेन होती. किटली ती फक्त त्या लोकांची. रविवारी दुपारची जेवणं आटोपली की मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून, कानांवर हेडफोन चढवून ती ज्यांच्याशी बोलायची, ते लोक. कॅनडाभर पसरलेले, एकमेकांना कधी न भेटलेले. सगळे मिळून एक खेळ खेळायचे. पडद्यावर प्रत्येकाचा एक बाहुला, समोर डोंगराएवढा राक्षस, आणि त्याच्यावर वीसेक जणांनी मिळून करायची स्वारी. तिकडे तिला नाव द्यायचा अधिकार त्यांना कोणी दिला होता? इतके महिने कोणी ते नाव घेतलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, तिच्याबरोबर तेही गेलं. आज भर दुपारी एका परक्या बाईनं ते त्याच्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं, आणि आत जे जागं झालं ते दुःख नव्हतं. दुःख आता त्याच्या ओळखीचं झालं होतं, सकाळी उठला की ते पलंगाच्या कडेला बसलेलं असायचं. हे दुसरं होतं. हे जुनं होतं, ती जिवंत असतानाचं. बंद दारापलीकडून हसण्याचा आवाज यायचा तेव्हा यायचं, ते.

ग्लेंडाची बहीण बेव्ह संध्याकाळी कॅसरोल घेऊन आली आणि त्याचं तोंड बघून म्हणाली, "काय रे, काय झालं? असा का बसलायस?"

"त्या खेळवाल्यांपैकी कोणाचा तरी फोन होता. मी ठेवून दिला."

"का? बोलायचं की दोन शब्द."

"काय बोलू? मी कुठं ओळखतो त्यांना?"

"तेच म्हणते. बायकोचे एवढे मित्र, त्यातला एक ओळखायचा नाही आणि वर आपणच तोंड फुगवून बसायचं, हे बाई तुम्हा लेहतिनेन लोकांनाच जमतं." तिनं डिश ओव्हनमध्ये सरकवली. "फुलं पाठवली होती त्यांनी. तू ती गॅरेजमध्ये नेऊन ठेवलीस. मी पाहिलं हं."

"चर्चमध्ये जागा नव्हती."

"जागा होती, आर्वो. जागा भरपूर होती."

जागा होती हे त्यालाही ठाऊक होतं. फुलांचं ते कडं दफनाला आलेल्या सगळ्या फुलांपेक्षा मोठं होतं आणि त्याच्या फितीवर 'आमच्या ढालीला' असं लिहिलेलं होतं. ढाल! तिच्या बाहुल्याचं काम ते. राक्षसासमोर उभं राहायचं, सगळे वार अंगावर घ्यायचे, आणि मागच्या सगळ्यांना कोणी कुठं उभं राहायचं, कधी पळायचं, कधी मारायचं ते ओरडून सांगायचं. ग्लेंडा ओरडायची! घरात नळ गळत असला तरी महिनाभर न बोलणारी ग्लेंडा. आर्वोनं स्वतः बंदरावरच्या धान्याच्या कोठारात मुकादमी केली होती, डझनभर माणसं त्याच्या हाताखाली होती, ओरडणं म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. धुळीत घसा फाटेपर्यंत ओरडावं लागतं, आणि तरी माणूस ऐकतो तो पगारासाठी. भोंगा झाला की त्याच माणसाला तुमच्याकडे बघायचंही नसतं. तो निवृत्त झाला तेव्हा त्यांनी एक घड्याळ दिलं, हात मिळवले, आणि त्यातला एकही जण पुन्हा घरी आला नाही. ग्लेंडाच्या दफनाला दोघे आले होते, तेही बेव्हनं फोन केला म्हणून. आणि हिला, सांधे सुजलेल्या बोटांच्या, साठी ओलांडलेल्या बाईला, वीस अनोळखी माणसं ढाल म्हणत होती.

फोनवरच्या त्या बाईनं दोन दिवसांनी पुन्हा फोन केला, या वेळी नीट आडनाव घेऊन. तेरेझ बोल्न, इथल्याच विद्यापीठात शिकवणारी. गेली काही वर्षं ती या खेळणाऱ्यांच्या टोळीचा अभ्यास करत होती, ग्लेंडाच्या परवानगीनं. त्याला हे माहीत होतं का? माहीत नव्हतं. एकदा येऊन जाल का, असं तिनं विचारलं, आणि तो नाही म्हणायला गेला आणि कधी येऊ असं विचारून बसला.

तिची खोली लहान होती, खिडकीतून गोठलेलं तळं दिसत होतं. बाई चाळिशीची, स्वेटरच्या कोपराला भोक पडलेली. तिनं कॉफी दिली आणि बोलायला लागली. ऑफिसात साहेब माणसाला काढून टाकू शकतो, ती म्हणाली, पगार कापू शकतो, बढती देऊ शकतो. तुमच्या मिसेसकडे यातलं काही नव्हतं. कोणीही कधीही कॉम्प्युटर बंद करून उठू शकत होतं. तरी त्यांच्या एका शब्दावर वीस माणसं मरायला उभी राहायची. ती का राहतात, एवढंच मला शोधायचं होतं.

"खोटं खोटं मरायला," आर्वो म्हणाला.

"खोटं खोटं मरायलाही लोकांना आवडत नाही, मिस्टर लेहतिनेन. चिडतात, एकमेकांना शिव्या घालतात, टोळ्या मोडतात. मी कितीतरी टोळ्या मोडताना पाहिल्या. ही मोडली नाही."

"बरं. मग मला कशाला बोलावलंत?"

तेव्हा तिनं सांगितलं. दर रविवारचं बोलणं तिनं ध्वनिमुद्रित केलेलं होतं. सगळ्यांची परवानगी होती, ग्लेंडाचीही. नव्हती ती फक्त आर्वोची.

"माझी? मी काय खेळलोय?"

"खेळला नाहीत. पण तुम्ही आहात त्यात. जवळजवळ प्रत्येक रविवारी." बाकीचे लोक बोलायचं तेव्हा एक कळ दाबून धरायचे, ती म्हणाली, एरवी त्यांचा माईक बंद. ग्लेंडाला बोटांच्या दुखण्यामुळे ती कळ दाबून धरता यायची नाही, म्हणून तिचा माईक कायम उघडा. ती बसल्यापासून उठेपर्यंत. खोलीत जे ऐकू येईल ते सगळं टोळीच्या कानात. दार वाजलं तरी, तो खोकला तरी. "आमच्या विद्यापीठाचा नियम आहे. ज्यानं हो म्हटलेलं नाही त्याचा आवाज मला ठेवता येत नाही. आणि तुम्हा दोघांचे आवाज असे एकात एक मिसळलेत की वेगळे काढता येत नाहीत. तुम्ही नाही म्हणालात तर मला सगळं पुसावं लागेल."

"सगळं?"

"सगळं. आणि टोळीतल्या कोणाकडेही तुमच्या मिसेसचा आवाज नाही. आहे तो फक्त इथं." तिनं टेबलावरच्या यंत्राला हात लावला. "तोंडी सांगितलंत तरी चालेल. हो किंवा नाही."

त्याला आत कुठंतरी बरं वाटलं. ते बरं वाटणं त्यालाच ओशाळं करणारं होतं, पण होतं. इतकी वर्षं दाराच्या बाहेर उभा होता तो, आणि आता दाराची किल्ली त्याच्या हातात आली होती. एक शब्द म्हटला की संपलं. ना त्यांची किटली राहील, ना ढाल. राहील ती ग्लेंडा, त्याची, जशी तो तिला ओळखत होता तशी. शब्द ओठांवर आलाच होता. पण माणूस दुखरा दात जिभेनं चाचपून बघतो तसा तो म्हणाला, "आधी ऐकवा तर."

तिनं यंत्र चालू केलं. आधी नुसती खरखर, मग घंटा वाजल्यासारखं काहीतरी, आणि मग ग्लेंडा. किती महिन्यांनी! तो खुर्चीच्या हातांना धरून बसला. "डावीकडचे, मागे या. घाई नाही करायची. मार्सेल, बाळा, तू आगीत उभा आहेस. जळतोयस. ये बाहेर." कोणीतरी तरुण आवाज म्हणाला, "हो किटली, सॉरी किटली." "सॉरी आगीला म्हण, मला नको." हशा. तिचा सगळ्यांत मोठा. आवाज तिचाच होता, पण घरात तो कधी एवढा ताठ उभा राहिलेला त्यानं ऐकला नव्हता. घरात तो वाकून चालायचा. इथं तो खोलीभर फिरत होता, एकाला थोपटत होता, एकाला दटावत होता. मग काहीतरी बिनसलं, एकदम आरडाओरडा झाला, आणि शांतता. सगळे मेले होते. तेरेझनं बोट वर केलं, म्हणजे आता ऐका. ग्लेंडा म्हणाली, "माझी चूक. मी लवकर वळले. आता पुढचा बोला." आणि एकेक आवाज येत गेला. माझी चूक, मी औषध द्यायला उशीर केला. माझी चूक, मी आगीतच होतो. माझी, मी सँडविच खात होतो. पुन्हा हशा.

"हे," तेरेझ म्हणाली, "दर वेळी. हरल्यावर पहिली चूक त्यांची. एकदाही चुकवलं नाही. बाकी कोणत्याही टोळीत मला हे सापडलं नाही."

आर्वोचे कान तापले. माझी चूक! एवढ्या संसारात ग्लेंडानं हे दोन शब्द त्याच्यासमोर कधी उच्चारले नव्हते. निपिगॉनच्या रस्त्याला एकदा नकाशा तिच्या मांडीवर होता आणि तिनं भलत्याच फाट्याला वळायला सांगितलं. अंधार पडेस्तोवर ते जंगलात हिंडत राहिले, तरी ती गप्प. परत येताना गप्प, जेवताना गप्प. त्यानंच शेवटी पाट्या नीट नसतात म्हणून विषय मिटवला होता. त्याला वाटायचं, स्वभावच तिचा. आता कळत होतं की स्वभाव नव्हता. शब्द होते तिच्याकडे, ढीगभर होते, दर रविवारी ती ते कुठल्या कुठल्या मार्सेलला वाटत होती. त्याच्या वाटणीचे सुद्धा.

मग लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा, एक पुरुषी आवाज आला. "ग्लेंडा! सूप थंड होतंय!" त्याला तो आवाज लगेच ओळखू आला नाही. केवढा खरखरीत. ग्लेंडा म्हणाली, "दोनच मिनिटं रे सगळे, मुकादमांचा भोंगा झाला." टोळी हसली. कोणीतरी हुबेहूब नक्कल केली, "ग्लेंडाऽऽ! सूऽऽप!" आणि ती हसली, दम लागेपर्यंत हसली. आर्वोनं हात वर केला. तेरेझनं यंत्र बंद केलं.

"हा नक्कल करणारा कोण?"

"लाईल. त्यांचा वैद्य. मूस जॉ गावात असतो, लांब पश्चिमेला. त्याचं काम म्हणजे..." ती थांबली, शब्द शोधला. "तुमच्या मिसेसच्या जिवाला जपणं. खेळात. पडद्याच्या कोपऱ्यात प्रत्येकाची एक हिरवी पट्टी असते, वार बसला की ती आखडते. लाईल बाकी काही बघायचा नाही, ना राक्षस, ना डोंगर. फक्त त्यांची पट्टी. कमी झाली की भरायची. त्यांचं सगळ्यांत जमायचं ते त्याच्याशी. ती जोडी हा माझ्या अभ्यासाचा अर्धा भाग आहे म्हणा ना."

विचार करून सांगतो, असं म्हणून तो उठला. पण विचार असा त्यानं काही केला नाही. आठवडाभर तो फक्त जोडी हा शब्द घेऊन घरात फिरला. बर्फ उपसताना जोडी, भांडी विसळताना जोडी. मागच्या खोलीत जाऊन तिच्या खुर्चीवर बसला. खुर्चीत उशी तिच्या मापाची दबलेली होती आणि त्याला ती होत नव्हती. काळ्या पडद्यात त्याचाच चेहरा दिसत होता. इस्पितळातून एकटा परत आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तो या खोलीत आला होता, यंत्र तसंच घुरघुरत होतं, पडद्यावर तिचा तो ढालवाला बाहुला उभा होता आणि त्याच्याभोवती कसली तरी गर्दी. आर्वोनं न बघता भिंतीतून प्लग ओढला होता. त्याचा त्याला पस्तावा नव्हता. दुसरं एक आठवत होतं आणि ते जास्त छळत होतं. इस्पितळात तिच्या उशाशीही एक पडदा होता आणि त्यावर एक हिरवी रेघ. तो संध्याकाळभर त्या रेघेकडे बघत बसला होता आणि त्याला तिच्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. चढली म्हणजे बरं की उतरली म्हणजे बरं, हेही नर्सच्या तोंडाकडे बघून ताडायचं. आणि तिकडे मूस जॉमध्ये एक माणूस वर्षानुवर्षं तिची रेघ वाचत होता, भरत होता. तिला मरू देत नव्हता. एवढं एक काम नवऱ्याचं, तेही त्यानं घेतलं होतं, आणि चांगलं करत होता.

पुढच्या आठवड्यात तो तेरेझकडे गेला तो कोट न काढता बसला. "बाई," तो म्हणाला, "माझं उत्तर नाही आहे."

तेरेझनं मान हलवली. तिचा चेहरा पडला, पण तिनं वाद घातला नाही. "ठीक आहे. तुमचा हक्क आहे तो. एक विनंती करू? लाईलला तुमच्याशी बोलायचंय. पुष्कळ दिवसांपासून. आत्ता लावून देते, नको वाटलं तर ठेवून द्या. फक्त एक, हे बोलणंही यंत्रात जातं. तुमचं उत्तर नाहीच राहिलं तर बाकीच्याबरोबर हेही पुसेन."

त्यानं खांदे उडवले. नाही म्हटलं तर भ्याल्यासारखं झालं असतं. बाईनं त्याच्यापुढे माईक सरकवला.

"मिस्टर लेहतिनेन? मी लाईल." आवाज त्याच्या कल्पनेपेक्षा बारीक होता, वयस्कही. मागे हवा भरायचा पंप धडधडत होता.

"तू वैद्य."

"खेळातला. एरवी टायर बदलतो."

"लग्न झालंय तुझं?"

मग तो म्हणाला, "झालं होतं. ती कॅलगरीला असते आता. तुम्हाला विचारायचंय ते सरळ विचारा ना."

"विचारलंच की."

"मग सरळ सांगतो. तसलं काही नव्हतं. असतं तर सांगायला सोपं गेलं असतं." तो खाकरला. "मी तिचा चेहरा पहिल्यांदा पेपरात पाहिला. मृत्यूच्या बातमीत. तोवर मला वाटायचं उंच असेल."

"उंच नव्हती ती."

"हो. फोटोत तुम्ही शेजारी होता, त्यावरून कळलं."

आर्वोला हसू येता येता राहिलं आणि त्याचाही राग आला. त्यानं कोटाची बटणं काढली. "तुला तिच्यात एवढं काय कळायचं रे? मी चाळीस वर्षं एका घरात राहिलो."

"मला काहीच कळायचं नाही. कोणता रंग आवडतो, जेवायला काय लागतं, काही नाही. मला फक्त तिचा श्वास कळायचा." तो थांबला, कोणाला तरी ओरडून म्हणाला, मागच्या दोन्ही चाकांना लाव, मी येतो. मग पुन्हा हळू आवाजात, "हुकूम द्यायच्या आधी ती श्वास घ्यायची. नाकानं, छोटासा. तेवढ्यावर मी हात उचलायचो. हुकूम तोंडातून बाहेर पडेपर्यंत माझं काम झालेलं असायचं. लोकांना वाटायचं, मनातलं ओळखतो. मनातलं कसलं, श्वास."

तो श्वास आर्वोला माहीत होता. इतका वेळ जे ऐकलं ते सगळं परकं होतं, पण हा श्वास त्यानं हजारदा ऐकला होता. स्वयंपाकघरात, त्याच्या पाठीमागे. गाडीत, शेजारच्या सीटवर. रात्री दिवा मालवल्यावर. नाकानं, छोटासा. आणि मग काहीच यायचं नाही. त्याला वाटायचं, दमली असेल. तो पेपर उलटायचा, कूस बदलायचा. घरात ती श्वास घ्यायची आणि हुकूम तिथंच परत गिळायची, आणि एकदाही त्यानं मान वळवून विचारलं नव्हतं, काय गं, काय म्हणत होतीस. मूस जॉच्या माणसानं न विचारताच हात उचलला होता.

"त्या रविवारी," लाईल म्हणत होता, "तिनं श्वास घेतला आणि हुकूम आला नाही. मी वाट पाहिली. पट्टी तर हिरवीगार, पुरी भरलेली. तरी मला कसंतरी झालं. मी फोन उचलला आणि थंडर बेची अँब्युलन्स मागितली. पत्ता होता माझ्याकडे, नाताळात तिनं जॅम पाठवला होता. ब्लूबेरीचा. तुम्ही वेचलेल्या, म्हणाली होती. मी पत्ता सांगत होतो तेव्हा खुर्ची पडल्याचा आवाज आला."

तो आवाज ऐकून आर्वो उठला होता. पलीकडच्या खोलीत टीव्हीवर कर्लिंगची मॅच चालू होती आणि तो ती बघत होता. मध्ये एक भिंत. त्यानं फोन लावला होता तेव्हा तिकडची बाई म्हणाली होती, गाडी निघालीय, कोणीतरी आधीच कळवलंय. त्याला वाटलं होतं शेजारच्या मिसेस सारिनेननी. त्यासाठी त्यानं त्यांच्या घरी सफरचंदांची टोपली नेऊन दिली होती. त्या जरा गोंधळल्या होत्या, पण सफरचंदं ठेवून घेतली. म्हणजे भिंतीच्या अलीकडे बसलेल्याच्या आधी हजार मैलांवरच्याला कळलं होतं. शेवटचा दिवससुद्धा. तोसुद्धा यानं आधी घेतला.

"म्हणजे तुम्ही सगळे ऐकत होता," तो म्हणाला. "नाटक ऐकावं तसं."

"नाही. मी सगळ्यांना कान काढायला लावले. हेडफोन काढा, स्पीकर बंद करा, कोणी ऐकायचं नाही. टोळीला मी दिलेला पहिला हुकूम तो. सगळ्यांनी ऐकला. आमच्यात रीत आहे, कोणी मध्येच उठून गेला आणि बाहुला तसाच उभा राहिला तर बाकीच्यांनी त्याच्याभोवती कडं करायचं, राक्षस येऊ द्यायचा नाही. आम्ही कडं केलं. पाळीपाळीनं रात्रभर उभे होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकदम नाहीशी झाली. तेव्हा कळलं."

"प्लग मी ओढला."

"हो. तुम्हीच ओढायला पाहिजे होता."

बोलण्यात टोमणा कुठंच नव्हता. आर्वोनं शोधून पाहिला. "आणि तू? तू काढलेस कान?"

पंप बंद पडला. "नाही," लाईल म्हणाला. "अँब्युलन्सची बाई म्हणाली होती, ऐकत राहा आणि आत काय चाललंय ते सांगत राहा. मी सांगत राहिलो. गाडी येईपर्यंत."

"मग मी काय बोलत होतो?" हे विचारल्यावर आर्वोचं त्यालाच नवल वाटलं. पण खरं होतं, त्याला आठवत नव्हतं. जमिनीवर तो तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, गालिच्याची किनार आठवत होती, तिच्या एका पायातली सपात निघालेली आठवत होती. आपण बोलत होतो हे आठवत होतं. काय, ते साफ पुसलेलं होतं. इतके महिने तो ते शोधत होता आणि कोणाला विचारायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"आधी रागावलात. उठ, हा काय चावटपणा, म्हणालात. मग बोटीला रंग द्यायचा राहिलाय, म्हणालात. मग बेव्हला आता काय सांगू, असं दोनतीनदा. मग..." त्यानं श्वास घेतला. "मग एकाच शब्दानं हाक मारत राहिलात. सारखं. गाडी येईपर्यंत."

"कुठल्या?"

"तो मी नाही उच्चारणार, मिस्टर लेहतिनेन."

"का?"

"तो तिचा आहे. मी किटली म्हणणारा. टोळीत कोणाला मी तो सांगितलेला नाही."

आर्वोनं तेरेझकडे पाहिलं. "त्या दिवसाचं मी ऐकलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "उघडलेलंच नाही."

खिडकीबाहेर कोणीतरी बर्फावरून मासे पकडायची पेटी ओढत चाललं होतं. आर्वोला राग हवा होता, आणि तो होता, जागच्या जागी होता, पण धरायला गेलं की हातात येत नव्हता. नाही म्हटलं की इथलं सगळं पुसलं जाईल, तिचं हसणं, सूप, भोंगा, सगळं. एक एवढंच राहील. मूस जॉच्या टायरच्या दुकानात, एका बारीक आवाजाच्या माणसापाशी, तो शब्द. आणि तो माणूस तो कधी तोंडातून काढणार नाही. त्याच्या तोंडात तो तसाच राहील आणि म्हातारा होईल. मग तो उच्चारणारं जगात कोण उरलं? आर्वोनं ऑक्टोबरनंतर तो म्हटला नव्हता. म्हणायला समोर कोणी नव्हतंच. त्याच्या आईच्या फिनिश भाषेतला शब्द, भाकरीच्या चुऱ्याला म्हणायचा आणि मायेनं माणसालाही. लग्नाच्या आधी, तळ्याकाठी, पहिल्यांदा म्हटला तेव्हा ग्लेंडा म्हणाली होती, चुरा? मी? आणि रुसली होती. मग तीच ओ द्यायला लागली.

त्यानं माईककडे पाहिलं. त्यावर एक लाल दिवा लागलेला होता, म्हणजे तो उघडा असणार.

"मुरू," तो म्हणाला. शब्द धड निघाला नाही. त्यानं पुन्हा म्हटला. "मुरू."

मग लाईल म्हणाला, "हो. तोच."

लाईलनं आपणहून फोन ठेवला. तेरेझ हात मांडीवर घेऊन बसून होती. आर्वोनं कोटाची बटणं पुन्हा लावली, एक चुकीच्या काजात गेलं, ते काढून परत लावलं.

"हेही आत गेलं का?" त्यानं यंत्राकडे बोट दाखवून विचारलं.

"गेलं. पण तुमचं उत्तर नाही आहे ना. पुसून टाकते सगळं."

"नको," आर्वो म्हणाला. "राहू दे तिच्या आवाजाजवळ."